अकराव्या पानावरची पाणबुडी

कुंभारझरीच्या जिल्हा परिषद शाळेत, दुसरीच्या वर्गात वाचून दाखवल्या जाणाऱ्या गोष्टीतली पाणबुडी सोमवारी अकराव्या पानावर थांबली आणि तिच्या कप्तानबाईंनी मुलांचा सल्ला मागितला.

“टाक्या पाण्याने भरल्या आहेत आणि आम्ही खोल पाण्यात आहोत,” हंसा कप्तान पुस्तकातून म्हणाल्या. “वर यायचंय. टाक्यांतलं पाणी बाहेर ढकलू, की आणखी आत घेऊ?”

“होऽऽ!” वर्ग म्हणाला.

मुलांचं कुतूहल वाढवायचं शास्त्र शिकायला वर्गाच्या तायडेबाई दोन वर्षं स्कॉटलंडला राहून आल्या होत्या आणि हे विज्ञान-साहसाचं पुस्तक त्यांनी स्वतः निवडलं होतं. पण कुंभारझरीची पद्धत त्यांच्याहून जुनी होती. समजलं का? होऽऽ. पाढे पाठ झाले? होऽऽ. मागे आरोग्यसेविकेने ‘खरूज कुणाला आहे?’ असं विचारलं, तेव्हा अख्ख्या वर्गाला मलम मिळालं होतं.

कप्तानबाई शिस्तीच्या होत्या. सल्ला मागितला की त्या तो पाळत. त्यांनी दोन्ही केलं. पाणबुडी चाळीस हात आणखी खाली गेली आणि पान ओलं झालं.

“पाणी बाहेर ढकला!” तायडेबाई ओरडल्या.

“आपलं वय?”

“अठ्ठावीस.”

“मुखपृष्ठावर पाच ते आठ लिहिलंय. क्षमा असावी.” कप्तानबाई म्हणाल्या, “हवा आता एकदाच पाणी ढकलण्यापुरती उरली आहे. बुधवारी मधल्या सुट्टीपर्यंत कळवा. चुकलं तर आम्ही सहाजण इथेच.”

मंगळवारी केंद्रप्रमुख डोईफोडेसाहेब भेटीला आले. त्यांनी पुस्तक दोरीला चिमट्याने वाळत घातलेलं पाहिलं आणि खुर्ची मागवली.

“परवानगी घेतली होती?”

“साहेब, गोष्टीतली पाणबुडी आहे.”

“गोष्टीतली असो. बुडतेय ना शाळेच्या हद्दीत? अहवालात मी काय लिहू?” मग ते वर्गाकडे वळले. “मुलांनो, पाणबुडी वाचवायची ना?”

“होऽऽ!”

“बघा. मुलं तयार आहेत. तुम्ही उगाच घाबरवता त्यांना.”

बाईंना उत्तर माहीत होतं. जेवताना, झाडताना, हजेरी घेताना ते जिभेवर येत होतं. एखाद्या मुलाच्या कानात सांगावं असंही मनात आलं, पण मग सल्ला बाईंचाच झाला असता आणि कप्तानबाईंनी वय विचारलं असतं. शेवटी त्यांनी फळ्यावर लिहिलं: ‘आज हो म्हणायचं नाही.’

“समजलं?” त्यांनी सवयीने विचारलं.

“होऽऽ!”

बुधवारी खिचडी शिजत आली, वासही सुटला. पान आता इतकं ओलं होतं की चिमट्याखालून थेंब पडत होते. तेवढ्यात मागच्या रांगेतून मैना खरात उठली. मैना होकाराच्या वेळी नुसते ओठ हलवायची. तिचा आवाज वर्गाने कधी ऐकलाच नव्हता.

“बाई,” ती म्हणाली, “मला नाही माहीत.”

या खोलीत हे वाक्य पूर्वी कुणी उच्चारलं नव्हतं.

“मग?” बाईंनी विचारलं.

“डबा बुडवून बघू?”

सगळे हौदावर गेले. मैनाने आपला डबा रिकामा, झाकण लावून पाण्यावर सोडला. तो तरंगला. मग तो पाण्याने भरला, झाकण लावलं, सोडला. तो तळाशी गेला.

“बुडाला गं तुझा डबा!” शेजारचा पिंट्या म्हणाला. “आता आई धुते तुला!”

मैना वर्गात आली आणि पुस्तकापुढे उभी राहिली. “पाणी बाहेर ढकला.”

“नक्की?” कप्तानबाईंनी विचारलं.

“होऽऽ!” वर्ग म्हणाला.

“वर्गाने शांत बसावं. मी खरातबाईंना विचारतेय.”

मैनाने बोट तोंडात घातलं. “थांबा. परत बघून येते.”

“आमच्याकडे वेळ कमी आहे.”

“पण हवा एकदाचीच आहे ना?”

पानाच्या पलीकडे सहाजणांनी आपसात काहीतरी बोलून घेतलं. “बरोबर आहे,” कप्तानबाई म्हणाल्या. “बघून या.”

मैना पिंट्याचा डबा घेऊन गेली, भिजलेल्या फ्रॉकने परत आली आणि म्हणाली, “रिकामाच तरंगतो. ढकला.”

अकराव्या पानावर बुडबुडे आले. बाराव्यावर पाणी निळं झालं. तेराव्यावर सूर्य होता आणि सहाजण छपरावर बसून पायमोजे पिळत होते. तायडेबाई फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि बराच वेळ एकच शब्द पुसत राहिल्या.

शुक्रवारी डोईफोडेसाहेब पुन्हा आले. अहवालात त्यांनी लिहिलं: ‘पाणबुडी: एक. स्थिती: तरंगती.’ मग वर्गाला विचारलं, “सगळं समजलं ना?”

या वेळी ‘होऽऽ’ आला नाही. मग मैना म्हणाली, “कुठलं, साहेब?”

पिंट्याने विचारलं, “सगळं म्हणजे किती?” आणि मग जे सुरू झालं ते मधल्या सुट्टीपर्यंत चाललं.

सुट्टीत मैना हौदाशी बसली होती, तिथे साहेब आले. हातात त्यांचा जेवणाचा डबा होता. पुस्तक काठावर उन्हाला ठेवलं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि वाकून हळूच विचारलं, “कप्तानबाई, आत अर्धीच भाजी असेल तर डबा तरंगेल?”

“आपलं वय?”

साहेबांनी मैनाकडे पाहिलं. “बाळा, माझ्या वतीने विचारतेस का?”

“त्यांना कशाला विचारायचं?” मैना सरकून त्यांना जागा देत म्हणाली. “झाकण घट्ट लावा आणि सोडा.”

साहेबांनी बाह्या वर केल्या.