कलम एकवीस आणि बाथरूमची कडी

पांढुर्ण्याच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या विनायकरावांनी अखेर घरात राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. मुलगी अमृता राज्यसेवेच्या परीक्षेत एकदा आपटली होती, तीही नेमकी संविधानाच्या प्रश्नांवर. दुसरी परीक्षा तोंडावर आली होती आणि बाईसाहेब रामाकोन्याला मैत्रिणीच्या लग्नाला जायच्या गोष्टी करत होत्या. विनायकरावांनी सगळ्यांचे फोन कपाटात कोंबले, टीव्हीची वायर उपसली आणि फर्मावलं, "कलम एकोणीस बंद! बोलनं बंद, फिरनं बंद. फक्त अभ्यास!"

मग ते आंघोळीला गेले आणि बाथरूमची कडी अशी अडकली की काही केल्या सरकेना.

"अमृता! अवं स्मिता!" मुलीला आणि बायकोला हाका मारून त्यांचा घसा बसला. बाहेर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, पण माणसाचा आवाज म्हणून नाही. शाळेची वेळ झाली होती आणि अंगावरचा साबण वाळायला लागला होता.

"काऊन बोलून नाही राहिल्या?"

"तुमीच बंद केलं ना बोलनं," बायकोचा आवाज आला.

"अवं, मी आत अडकलो!"

"आई, यायले काढा लागन," अमृता म्हणाली. "आणीबाणीतही कलम वीस अन् एकवीस बंद करता येत नाही. एकवीस म्हंजे जीवित अन् व्यक्तिगत स्वातंत्र्य. अन् बाबा, तुमची आणीबाणी कच्चीच हाये. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय कुठं हाये?"

"मले कोनी विचारलंच नाही," स्क्रू काढायचा पेचकस शोधता शोधता मंत्रिमंडळ म्हणालं.

विनायकरावांनी दाराला कान लावला. "अन् एकोणीस?"

"ते आपोआप बंद होते युद्ध नाहीतर बाहेरचं आक्रमण असलं तरच. घरातल्या बंडासाठी नाही."

"तिगाववरून तुयी आत्या येऊन राहिली ना!"

"बाबा!"

"बरं, बाकीचे हक्क?"

"राष्ट्रपतीच्या आदेशानं त्यायच्यासाठी कोर्टात जायचा रस्ता बंद होऊ शकते. हक्क संपत नाही."

विनायकराव बादलीवर टेकले. पोरीला सगळं येत होतं! वर्षभर ते तिच्यावर नुसते ओरडले होते, विचारलं मात्र कधीच नव्हतं. त्यांना इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते साबणावर ढकललं.

तेवढ्यात बायकोनं पेचकसानं कडी उचकटली आणि दार उघडलं. "या आता बाहेर."

विनायकरावांनी दार पुन्हा आत ओढून घेतलं.

"जाजो बेटा लग्नाले. पन थांब, आर्थिक आणीबाणी विचाराची राहिली!"