पितळेचा गंज

लोखंडाला गंज आपोआप चढतो. पितळेला तो मेहनतीनं चढवावा लागतो, आणि संस्कृतीची सुरुवात इथूनच होते.

वेस्टरफेनच्या लघुवाहन मंडळाला हे तत्त्व पूर्ण मान्य आहे. मंडळाचे सभासद रिमोटवर चालणाऱ्या, मूळ गाडीच्या एक दशांश मापाच्या जीपा आणि त्यांच्यामागे जोडायचे ट्रेलर बनवतात. ट्रेलर नवाकोरा दिसला तर त्याला खेळणं म्हणतात. सभागृहात हा शब्द मोठ्यानं उच्चारल्याबद्दल एका पाहुण्याला मागे एकदा बाहेर थांबावं लागलं होतं. (पाहुणा सहा वर्षांचा होता. नियमाला वय नसतं.)

सभागृहाच्या मधोमध मंडळाचा रस्ता आहे. त्यात चढ आहे, चिखल आहे, उघडणारा पूल आहे, आणि टोकाला हात उंचावलेल्या पोस्टमनसकट गुडघ्याएवढं गाव आहे. रस्त्याभोवती लाल दोरी आहे. ज्याचा ट्रेलर तपासणीत पास झाला तो दोरीच्या आत, बाकीचे बाहेर. शरद मेळाव्यात बाहेरच्यांकडे सॉसेज भाजायचं काम येतं. पाणीखात्यात मीटर तपासणारा ओन्नो हार्बर्ट्स चार मेळावे सॉसेज भाजत होता. तो फार छान भाजतो, असं दोरीच्या आतले लोक म्हणत, आणि नेमकं तेच त्याला लागे.

म्हणून त्यानं ट्रेलर बनवायला घेतला.

नियमावलीचं चौथं कलम सांगतं की प्रत्येक नमुन्याला एक मूळ वाहन असावं आणि ते जगात कुठंतरी उभं असावं. मनातले ट्रेलर मंडळात चालत नाहीत. ओन्नोला मूळ शोधायला लांब जावं लागलं नाही. त्याच्याच अंगणात, कुंपणाला टेकून, त्याचा स्वतःचा एका आसाचा ट्रेलर कित्येक हिवाळे खाऊन उभा होता. सरकारी तपासणीची मुदत केव्हाच संपली होती. त्याच्या शेजारी, मोटार उभी करायच्या छपराच्या कडेला, ताडपत्रीखाली बायकोच्या मावशीचं ओकचं कपाट होतं. ते लेअर गावी भाचीकडे पोहोचवायचं होतं. भाची इम्के नव्या घरात गेल्यापासून कपडे पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवत होती. (कपाटाचा या हकिकतीशी थेट संबंध नाही. नोंद पुरी असावी म्हणून उल्लेख केला.)

"ट्रेलर दुरुस्त कर, कपाट टाकू, संध्याकाळपर्यंत परत," त्याची बायको तेडा म्हणाली.

"आता दुरुस्त करता येणार नाही."

"का?"

"तो आता मूळ आहे."

सातवं कलम असं की तपासणीच्या दिवशी नमुना मूळ वाहनाशी तंतोतंत जुळला पाहिजे. मूळ दुरुस्त केलं की नमुना खोटा पडतो. त्यामुळे अंगणातल्या ट्रेलरला हात लावायला मनाई झाली. इतकी वर्षं ओन्नो त्याच्याकडे आळसामुळे दुर्लक्ष करत होता. आता तो ते नियमानुसार करू लागला. फरक बाहेरून दिसत नसला तरी मोठा आहे.

नमुन्याची चौकट पितळी पट्ट्यांची, डाग देऊन जोडलेली. पाटे जुन्या घड्याळाच्या कमानीचे. मूळ ट्रेलरचा उजवा टायर आतून झिजलेला होता, म्हणून छोटा उजवा टायर आतून घासला. मूळचा डावा दिवा चाक खड्ड्यात गेलं की बंद पडे. तसंच व्हावं म्हणून ओन्नोनं खास सर्किट बनवलं. ते सर्किट कधीच दगा देत नसे, म्हणजे डावा दिवा न चुकता बंद पडे. नंबरपाटीचा एक स्क्रू मूळ ट्रेलरवर नव्हता. ओन्नोनं तो स्क्रू आधी घडवला, पाटीला बसवला, मग काढून बागेत टाकून दिला. मूळ स्क्रूही आधी होता आणि मग हरवला होता.

गंजासाठी चिकट लेपावर लोखंडाचा कीस, त्यावर मीठ घातलेल्या व्हिनेगरचा फवारा, रोज सकाळ-संध्याकाळ. तळाच्या फळ्यांना जुनाट रंग यावा म्हणून त्या चहात भिजवायच्या. आमच्याकडे चहा तीन कप प्यायचा असतो आणि तिसऱ्या कपावरचा हक्क कुणी सोडत नाही. तेडाचा तिसरा कप फळ्यांना जाऊ लागला.

"घरात लोणच्याचा वास येतोय आणि लोणचं कुठं नाही," तेडा म्हणाली. "आणि चहा दोनच कप. लग्न झालं तेव्हा हे ठरलं नव्हतं."

"फळी आता बरोबर दिसतेय, बघ तरी."

"फळीला विचार, लेअरला कधी जायचं."

मात्र एक अडचण आली. मूळ ट्रेलर अजून गंजत होता. ओन्नो आठवडाभर मेहनत करून नमुना त्याच्या बरोबरीला आणी, तोवर एक पाऊस पडून मूळ पुढं गेलेलं असे. दर मंगळवारी तो कॅलिपर घेऊन अंगणात जाई आणि निसर्गानं घेतलेली आघाडी मोजून येई. शेवटी त्यानं मूळ वाहनाचं संरक्षण करायचं ठरवलं आणि कपाटावरची ताडपत्री काढून ट्रेलरवर घातली. तेडानं कपाटावर न्हाणीघराचा पडदा टाकला. पडद्यावर मासे होते.

वसंतात तपासणी आली.

मंडळाच्या तपासनीस वीप्के डोडेन. हयातभर खरी वाहनं तपासून निवृत्त झालेल्या. ओन्नो आणि त्या शाळेत एका बाकावर होते. ती त्याला तू म्हणते, तो तिला अगं म्हणतो. पण करड्या रंगाचा तपासणीचा कोट अंगात चढला की ती तुम्ही म्हणते आणि आडनावाआधी हेर, म्हणजे श्रीयुत, लावते. हे सर्वांना योग्य वाटतं. कोटाच्या खिशात तिची हातोडी असते, मूळ हातोडीच्या एक दशांश मापाची.

"मॉइन, वीप्के. गुडघा कसा आहे?"

"बरा आहे रे," ती म्हणाली आणि कोट घातला. "हेर हार्बर्ट्स, ट्रेलर वर ठेवा."

तिनं दिवे पाहिले. डावा बंद पडल्यावर मान डोलावली. नंबरपाटीपाशी थांबून हरवलेल्या स्क्रूच्या भोकाकडे बराच वेळ बघितलं. कौतुक करायची तिची पद्धत ती. मग गाडीला जोडायच्या दांड्यावर हातोडी हलकेच आपटली. गंजाचा एक पापुद्रा टेबलावर पडला.

"दांडा सडलाय."

"अगं, पितळ आहे ते. वरून नुसता लेप..."

"मूळ वाहनाचा दांडा पितळी आहे का?"

"नाही. लोखंडी."

"मग हाही लोखंडी आहे आणि सडलाय. नाहीतर नमुना मूळ वाहनाशी जुळत नाही, असं लिहू का?"

आपलं सगळं आयुष्य या गंजात उतरलंय आणि आता तोच आपल्याला दोरीच्या बाहेर ठेवतोय, हे ओन्नोला दिसत होतं. तरी आत कुठंतरी गुदगुल्याही होत होत्या. खऱ्या वाहनांत हयात घालवलेली बाई त्याच्या व्हिनेगरला फसली होती. (ती फसली नव्हती. ती फक्त नियम वाचत होती. पण आनंदाला इतका बारीक भेद लागत नाही.)

"शरद मेळाव्यापर्यंत मुदत देते," वीप्के म्हणाली. तिनं कोट काढला. "वाईट वाटून घेऊ नकोस रे. गंज फार सुंदर आहे."

आता नमुन्याचा दांडा बदलायचा तर आधी मूळचा बदलायला हवा. ओन्नोनं मित्राच्या, हाब्बो मेंट्सच्या शेडमध्ये खरा ट्रेलर नेला. शनिवारी न्याहारीनंतर सुरू केलं. जेवणाआधी नवा दांडा बसला, दिवे लागले, टायर बदलले.

"एवढ्यासाठी तेडाला वर्षभर थांबवलंस?" हाब्बोनं विचारलं.

"हे सोपं होतं. आता छोट्याचं करायचंय."

छोट्याला उन्हाळा लागला. नव्या दांड्यावरचे वेल्डिंगचे फुगवटे मूळच्याच क्रमानं यायला हवे होते, आणि हाब्बोचा हात वेल्डिंग करताना शिंकेमुळे एकदा हलला होता. ती शिंक एक दशांश मापात उतरवायला ओन्नोचे सहा दांडे वाया गेले.

दरम्यान खरा ट्रेलर सरकारी तपासणीत पास होऊन अंगणात आला. (डावा दिवा खड्ड्यात अजूनही बंद पडे, पण सरकारी तपासणीत खड्डा नसतो.)

"म्हणजे आता चालतो हा?" तेडानं विचारलं.

"चालतो. म्हणूनच चालवायचा नाही. ओरखडा उठला तर?"

राहिला माल. रिकाम्या ट्रेलरला मेळाव्यात निम्मेच गुण मिळतात. ओन्नोनं इकडंतिकडं पाहिलं आणि त्याची नजर माशांच्या पडद्यावर गेली. त्यानं मावशीच्या कपाटाचा हुबेहूब नमुना केला, बिजागऱ्यांसकट. लाकूड तेच असावं म्हणून कपाटातली एक फळी घेतली. (आतली. बाहेरून कळत नाही.) कपाट ट्रेलरला आवळायला पट्टे हवे होते, दुकानातल्या फितीची वीण त्याला खोटी वाटली. म्हणून त्यानं गॅरेजमधले खरे पट्टे घेतले, त्यांचे एकेक हाताचे तुकडे कापले, धागे सोडवले आणि त्यांतून बोटाएवढे पट्टे विणले. खरे पट्टे थोडे आखूड झाले. छोटे मात्र इतके झकास झाले की हाब्बोनं ते चष्मा काढून, मग चष्मा घालून पाहिले.

मेळाव्याच्या दिवशी मूळ वाहन तुलनेसाठी सभागृहाबाहेर उभं असावं लागतं. ओन्नो नमुना मांडीवर घेऊन हाब्बोच्या व्हॅनमधून गेला. मागून मोटार आणि ट्रेलर तेडा आणणार होती.

"वाटेत लेअर करून येते," ती दारातून म्हणाली.

"सावकाश," ओन्नो म्हणाला. तो त्या वेळी छोट्या कपाटाची किल्ली शोधत होता.

तेडा आली तेव्हा दुपार झाली होती. ट्रेलर रिकामा. तिच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, केसांत हिरवं काहीतरी अडकलेलं. वीप्केनं कोट घातला, ट्रेलरभोवती फिरली आणि डाव्या फळीपाशी वाकली.

"हेर हार्बर्ट्स, इथं ओरखडा आहे. एक हात लांब. तुमच्या नमुन्यावर नाही."

सभागृहातून सॉसेजचा वास येत होता, आणि ओन्नोला ठाऊक होतं की भाजायचा चिमटा त्याचीच वाट बघतोय.

"शिक्का बसेपर्यंत दुरुस्तीला वाव आहे," वीप्के म्हणाली. "कलम बारा. घाई करा."

"तेडा," तो म्हणाला, "ओरखडा वरून खाली गेलाय की खालून वर?"

तेडानं त्याच्याकडे बघितलं. "वरून खाली."

"सुरुवातीला जोर जास्त?"

"बराच. मग एकदम हलकं झालं."

"तुझी पिन दे."

तिनं केसांतली पिन काढून दिली. ओन्नोनं तिच्यावरचं हिरवं पुसलं, श्वास रोखला आणि छोट्या फळीवर, वरून खाली, आधी जोरात, मग एकदम हलका, एक ओरखडा काढला. हाब्बोनं डोळे मिटून घेतले होते. वीप्केनं मूळ मोजलं, नमुना मोजला, परत मूळ मोजलं. मग शिक्का मारला, कोट काढला आणि म्हणाली, "ये रे आत."

दोरी उचलली गेली. ओन्नोची जीप निघाली. चढ चढली, चिखलात रुतली, निघाली. खड्ड्यात डावा दिवा गेला तेव्हा प्रेक्षकांतून दाद आली. पूल उघडला, मिटला. पट्टे तसूभर ढळले नाहीत. गावाच्या टोकाला, हात उंचावलेल्या पोस्टमनसमोर, मावशीचं छोटं कपाट सुखरूप उतरलं आणि एका घराच्या दारातून अलगद आत गेलं. सभागृहानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. तेडानंही वाजवल्या, तिच्या टाळ्यांबरोबर थोडं पाणी उडत होतं.

त्या वर्षीची डाव्या फळीवरची रेघ मंडळाच्या इतिहासातलं सर्वोत्तम काम मानली जाते. लांबून लोक ती बघायला येतात. ओन्नो आता दोरीच्या आत उभा असतो, आणि बाहेर हाब्बो सॉसेज भाजतो, करपवतो.

ओन्नोनं बायकोला भिजलेल्या बाह्यांबद्दल विचारलं ते पंधरवड्यानं. त्याला हसायला हरकत नाही. पण वाचकहो, बाह्या तुम्हीही पाहिल्या होत्या, पिनेवरचं शेवाळही पाहिलं होतं, आणि तरी तुमचं सगळं लक्ष रेघ बरोबर उमटते की नाही याच्याकडेच होतं. कपाट पोहोचलं का, हे तुमच्यापैकी कुणीही विचारलं नाही.

(पोहोचलं नाही. लेअरच्या अलीकडच्या पुलावर आखूड पट्टे सुटले आणि ते कालव्यात पडलं. तिथं ते माशांचा पडदा पांघरून अजून तरंगतंय, आणि कालव्याच्या कचेरीनं तेडाकडे त्या नावेचा नोंदणी क्रमांक मागितला आहे. मंडळात दोन जागा रिकाम्या आहेत. तुम्ही अर्ज करावा.)