लेकीच्या घरातली जागा

वामनकाका लेकीकडे जाताना स्वतःच्या पिण्याचं पाणी कॅनमध्ये भरून नेत. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, हा जुना नियम शेलूबाजारात आता फारसा कोणी पाळत नाही. काका मात्र सगळ्या गावाच्या वाटचा एकटे पाळत. रेखा रिसोडला नांदत होती तेव्हा हे गृहस्थ तिच्या ओट्यावर बसून स्वतःची भाकर खात आणि मुक्कामाला बसस्टँडवर जात. जावई ओशाळायचा, व्याही चिडायचे. काका म्हणत, "आपलं आपल्यापाशी बरं." मी त्यांचा शेजारी. मला या ताठ्याचा रागच यायचा.

पुढे जावयाला जर्मनीत नोकरी लागली. तिथे रेखाचं बाळ पोटातच गेलं, तेही दुसऱ्यांदा. आई आधीच वारलेली. फोनवर ती एवढंच म्हणाली, "बाबा, तुमी या."

वडिलांना बोलवायचं तर त्यांना ठेवायला घरात जागा आहे हे सिद्ध करावं लागतं. पोरीने घरमालकाचं पत्र मिळवलं, खाटेवर नवी चादर घालून खोलीचे फोटो काढले. मी काकांना मुंबईला घेऊन गेलो. व्हिसाच्या ऑफिसातल्या बाईंनी हिंदीत विचारलं, तिकडे राहणार कुठे? काका छाती काढून म्हणाले, "बेटी के घर नहीं रहेंगे, बाई. उधर कोई मंदिर-धरमशाला देख लेंगे."

व्हिसा नाकारला गेला. काकांना वाटलं, खरं बोललो, साहेबाला आज ना उद्या पटेल. मी कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही.

रेखाचे फोन कमी होत गेले. फार उशिरा कळलं, की नवरा-बायको वेगळे झालेत आणि ती आता दुसऱ्या एका बाईसोबत एकाच खोलीत राहते.

ते कळलं त्याच संध्याकाळी काका माझ्याकडे आले, चपला घालूनच आत. रेखाला व्हिडिओवर फोन लावायला लावला. ती दिसताच म्हणाले, "बाई, माहं चुकलं. मी तुह्या घरी राहीन, तुह्या हातचं खाईन. कागद पुन्हा कर."

रेखा म्हणाली, "बाबा, आता दाखवाले खोलीच नाही माह्यापाशी."

"साहेबाले सांग," काका म्हणाले, "बुढा जमिनीवर निजते. त्याले खोली लागत नाही."

मला तिथे बसवेना. मी उठून आत गेलो.