मे महिन्यातली रजई

बडोद्याचा मे महिना म्हणजे काय, हे ज्याने सोसलेय त्यालाच ठाऊक. अशा दिवसांत, भर दुपारी, अंगरखा घामाने पाठीला चिकटलेला असताना कुणी तुम्हाला गल्लीत गाठून गंभीर चेहऱ्याने विचारले, "काय हो, थंडी वाजते का?" तर तुम्ही काय कराल? आमच्या गल्लीने या प्रश्नाला हसायचे ठरवले होते. विचारणारे गृहस्थ म्हणजे आमच्या समोरचे डॉक्टर भिकाजीपंत.

महाराज सरकारांनी त्यांना शिष्यवृत्ती देऊन विलायतेला पाठवले होते. तिथून ते वेड या विषयाचे शिक्षण घेऊन आले आणि वेड्यांच्या इस्पितळात नोकरीला लागले. ते एकटेच राहात. इस्पितळातून आले की सूक्ष्मदर्शक यंत्राला डोळा लावून बसत. त्या यंत्राखाली मेंदूचे कांद्यासारखे पातळ काप असायचे. मेंदू बकऱ्याचा. पाणीगेटाबाहेरच्या खाटकाकडून ते तो स्वतः आणत आणि फडक्यात बांधून भर गल्लीतून नेत. शेजारच्या मणीबेन पदर नाकाला लावून विचारीत, "दाक्तर, तमारुं पोतानुं मगज तो ठेकाणे छे ने?" म्हणजे, तुमचा स्वतःचा मेंदू तरी ठिकाणावर आहे ना?

"ते मेल्यावर कापून बघा," डॉक्टर शांतपणे म्हणत. "आताच काय सांगू?"

त्यांचे एक पालुपद होते, "आधी शरीर बघू, मग भूत." माणूस रडो, ओरडो, भिंतीशी बोलो, मूळ रक्तात, मेंदूत, कुठल्या तरी ग्रंथीत सापडणार, असे त्यांचे म्हणणे. हा न्याय ते सगळ्यांना लावीत. टांग्याचा घोडा अडला आणि टांगेवाला त्याला शिव्या घालू लागला की हे खाली उतरून त्याचे खूर तपासत. खिशात रबराचा एक हातोडा असे. माझ्या थोरल्या बहिणीला बघायला आलेले पाहुणे खुर्चीवर चहा घेत होते, तेव्हा डॉक्टरांना राहवले नाही. त्यांनी मुलाच्या काकांच्या गुडघ्यावर हलकेच ठोकले. काकांचा पाय उडाला, कपबशी उडाली आणि ते स्थळही उडाले. "मज्जातंतू उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "करायला हरकत नाही."

तेव्हापासून आईने त्यांना आमच्या घरात मज्जाव केला होता.

मग आमची वहिनी बदलली. दादाची बायको म्हणजे घरातला पारा. एका हाताने पोळी लाटावी, दुसऱ्याने मला टपली मारावी. ती हळूहळू मंदावली. आवाज घोगरा झाला, चेहरा सुजला, भुवया विरळ झाल्या. आमटीत मीठ घालायचे विसरे. मग चुलीपाशी यायचीच थांबली. अंगावर रजई ओढून कोपऱ्यात बसायची. पुढे पुढे तर छपरावर बायका बसून आपल्याला नावे ठेवतात, असे म्हणू लागली.

आई म्हणाली, बाधा आहे. मणीबेननी एक भुवा, म्हणजे भूत उतरवणारा मांत्रिक, आणून लिंबे कापवली. काही उपयोग होईना, तेव्हा आईने दुसऱ्या सुनेचा विषय काढला. दादा हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. त्याने वहिनीला इस्पितळात ठेवायचे ठरवले. एकदा तिथे गेलेली बाई परत आलेली आमच्या गल्लीने पाहिली नव्हती. मला फार भीती वाटत होती. ही पुन्हा कधी रागवायची नाही, असे वाटत होते.

टांगा दाराशी आला. मे महिनाच होता. वहिनीला रजईसकट आत बसवले. समोरून डॉक्टर फडक्यात मेंदू घेऊन येत होते. आई पुटपुटली, "आता हा एक अपशकुन राहिला होता." डॉक्टरांनी टांग्यात डोकावून रोजचाच प्रश्न विचारला, "काय वहिनी, थंडी वाजते का?"

वहिनीने मान वर केली. कितीतरी दिवसांत ती कुणाला उत्तर देत नव्हती. ती अडखळत म्हणाली, "हो. फार वाजते. कुणी विचारलंच नाही."

डॉक्टरांनी फडके माझ्या हातात कोंबले. माझ्या हातात बकऱ्याचा मेंदू आहे, हे माझ्या नंतर लक्षात आले. त्यांनी तिची नाडी धरली, हाताची कोरडी कातडी चिमटीत धरून पाहिली, गळा चाचपला.

"कुठे नेताय हिला?"

"तुमच्याच इस्पितळात," दादा म्हणाला.

"मी घेत नाही. टांगा परत पाठवा. हिच्या गळ्यातली ग्रंथी झोपली आहे, म्हणून ही थंडी आणि हे भास, एवढंच."

औषध म्हणजे मेंढीची तीच ग्रंथी, वाळवून केलेली भुकटी. हे त्यांनी आईला सरळ सांगितले. आमच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात उंबऱ्याबाहेर असे. आई देवासमोर बराच वेळ बसून राहिली. उठली ती तोडगा घेऊनच. औषध ओसरीवर घ्यायचे, मग अंघोळ करून आत यायचे. "मेंढी बाहेर राहील, गुण आत येईल," ती म्हणाली. रोज ती स्वतः वहिनीच्या अंघोळीचे पाणी तापवू लागली.

आणि एके सकाळी मी ओसरीवर लोळत असताना कानाशी वहिनीचा पूर्वीसारखा खणखणीत आवाज आला, "दिवस वर आला, ही रजई उन्हात कोण टाकणार? तुझा आजोबा?" मागोमाग टपली बसली. मी उठून आत धावलो आणि आईला मिठी मारली. दादा अर्धी दाढी झालेल्या तोंडाने बाहेर आला आणि ढसाढसा रडला. छपरावरच्या बायका कधी निघून गेल्या, कुणाला कळलेही नाही.

आईने डॉक्टरांना जेवायला बोलावले. हातोडा घरी ठेवून ते आले. पन्हे पिताना दादाने विचारले, "पण तुम्ही सगळ्यांनाच का हो विचारता?"

डॉक्टर पेल्याकडे बघत म्हणाले, "माझी आई अशीच रजई घेऊन बसायची. आम्ही भावंडं हसायचो. मग तिला गोठ्यामागच्या खोलीत ठेवलं. तिथेच गेली. विलायतेत एक म्हातारी उन्हाळ्यात ब्लँकेट गुंडाळून बसलेली बघितली. हीच भुकटी घेऊन ती उठली, केस विंचरायला लागली. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो." त्यांनी तोंड पुसले. "लोक हसतात. हसू देत. एखादी हो म्हणते."

वहिनीने पंखा हातात घेतला, त्यांच्याजवळ बसली आणि वारा घालत म्हणाली, "आणि तुम्हाला हो, भाऊजी? तुम्हाला वाजते का थंडी?"

कपाळावरून घामाच्या धारा लागलेल्या डॉक्टरांनी चष्मा काढला.

"वाजते," ते म्हणाले. "थोडी."

"मग उद्यापासून जेवायला इकडेच," आई आतून म्हणाली. "मेंदू मात्र ओसरीवर ठेवायचा."