पेर्वीलांना बोट लागते

बुधवारी सकाळी मोग पेर्वील शिडीवर चढून फाटकाच्या खांबाला बाणाची पाटी ठोकत होते आणि त्यांची एकुलती एक मुलगी इटा खालून शिडी धरून त्यांना बोलत होती.

"बाबा, वय काय तुमचं? उतरा खाली."

"आपला सरदार या वयात..."

"तुमचा सरदार. आणि या वयात तो कधीच मेला होता."

मोगना असल्या बोलण्याची सवय होती. गावातल्या चौकापासून घरापर्यंत त्यांनी असे बाण लावत आणले होते. 'पेर्वील मंडळींनी सरळ आत यावे.' शुक्रवारी समुद्रापलीकडच्या नॉर्मंडीहून एक बसभर पेर्वील येणार होते, आणि गेले वर्षभर मोगना दुसरा विषय नव्हता.

त्यांच्या सांगण्याप्रमाणे पहिला पेर्वील आठशे वर्षांपूर्वी नॉर्मन सरदारांच्या तुकडीबरोबर वेक्सफर्डच्या या किनाऱ्यावर उतरला. बाकीचे तलवारी उपसून लढायला धावले. याला मात्र बोट लागली होती. तो वाळूत ओकत बसला. गावातल्या एका बाईने दया येऊन त्याला ताक पाजलं, आणि तो राहिला तो राहिलाच. गावाबाहेरच्या पडक्या चर्चमध्ये त्याची दगडी मूर्ती निजलेली आहे. छातीवर जोडलेले हात, पायाशी दगडी कुत्रा. नाक मात्र पावसाने केव्हाच नेलं.

"तो पेर्वीलच कशावरून?" इटाने या घराण्याबद्दल मोगपेक्षा जास्त वाचलं होतं आणि तीच अडचण होती. "नाव कुठे कोरलंय? आपले पूर्वज त्याचे घोडे धूत असतील. मालकाचं आडनाव लावलं आणि झाले पेर्वील. कितीतरी घरांत असंच झालंय."

"घोडे तरी नॉर्मन होते ना!" मोग शिडीवरून म्हणाले. मग जरा थांबून, "इटा, शुक्रवारी मूर्तीपाशी गोष्ट तू सांग. माझा घसा बसलाय. आणि माझ्यामागे या गावात पेर्वील म्हणून तूच."

"मी? त्या नकट्या दगडापुढे? हातोडी द्या इकडे."

मोगनी हातोडी दिली. "बरं, चहा तरी टाक," म्हणाले. त्या रात्री झोपले ते उठलेच नाहीत.

स्थानिक रेडिओने गुरुवारी दुपारी बातमी दिली आणि सगळ्या परगण्याला कळलं. समुद्रापलीकडच्यांना कोण कळवणार? त्यांचा ठावठिकाणा मोगच्या डोक्यात होता. इटाला तर बसची आठवणही राहिली नाही.

शुक्रवारी अंत्यदर्शनाला रांग लागली. मोगना जुन्या रीतीप्रमाणे पुढच्या खोलीत त्यांच्याच पलंगावर निजवलं होतं. छातीवर हात, बोटांत जपमाळ. त्यांचा कुत्रा बॅरन पलंगावर चढून पायाशी निजला होता आणि कुणालाच दाद देत नव्हता. शेजारच्या स्टेशाने तीनदा उतरवला, तीनदा तो परत चढला.

स्टेशाने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं होतं. तिने खिडकीतून बस पाहिली. आतून पंधरावीस माणसं उतरली, सगळी पांढरीफटक, एकमेकांना धरून चालणारी.

"अगं बाई! बघ गं इटा, लांबचे नातेवाईक दिसतात. पण किती खचलीत बिचारी! आपल्या गावात असं दुःख कुणी केलं नाही."

मृत्यू झालेल्या घरात आलेल्याला 'तू कोण' असं कुणी विचारत नाही. स्टेशाने प्रत्येकाच्या हातात चहाचा कप दिला आणि सगळ्यांना रांगेत उभं केलं. पाहुणे खूश झाले. बाण दाखवत आणणारे, चहा देणारे, वर एकेकाचा हात हातात घेणारे लोक! सोलांज नावाच्या सगळ्यात म्हाताऱ्या बाई पलंगापाशी पोचल्या, थबकल्या आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"वा! हुबेहूब! चर्चमधल्या मूर्तीचा फोटो पाठवला होता ना, तसाच! कुत्रासुद्धा!" त्यांनी वाकून पाहिलं. "पापणीसुद्धा हलवत नाही हा माणूस. दिवसभर असाच पडून राहणार?"

स्टेशाच्या हातातला ट्रे वाकडा झाला. सगळ्यांनी इटाकडे पाहिलं, आणि इटाला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"हे माझे बाबा," ती कसंबसं म्हणाली. "यांनीच तुम्हाला बोलावलं होतं. काल गेले."

सोलांजबाईंनी दोन्ही हात तोंडावर ठेवले. पाहुण्यांत कुजबुज झाली, टोप्या उतरल्या, एकजण कप घेऊनच दाराकडे निघाला.

"चाललात कुठे?" स्टेशा आडवी आली. "डोंगराएवढी सँडविचेस केलीत, ती कोण खाणार?"

"माफ करा," सोलांजबाई कानकोंड्या होऊन म्हणाल्या. "आज पोटात काही ठरत नाही. आमच्या घराण्यात कुणालाच बोट सोसत नाही. रात्रभर सगळेच्या सगळे..." त्यांनी हातानेच उरलेलं दाखवलं.

इटाचं हसू थांबलं. लहानपणी बेटावरच्या सहलीला निघून ती होडीत ओकली होती. मुलं हसत असताना एकटे बाबाच टाळ्या पिटत होते.

"सगळे?" तिने विचारलं.

"सगळे. बसचा ड्रायव्हर सोडून. तो पेर्वील नाही."

इटा आत गेली आणि ताकाचा जग घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी पडक्या चर्चच्या आवारातच मोगना मूठमाती दिली. पाद्र्यांचं आटोपलं तरी कुणी हललं नाही. बॅरन नव्या मातीवर बसून राहिला. सोलांजबाई दगडी मूर्तीपाशी गेल्या.

"आमच्याकडे एवढंच सांगतात, की धाकटा मुलगा जहाजात बसला आणि परत आला नाही. मेला की जगला, कुणाला ठाऊक नाही. पुढे काय झालं?"

गावकरी आणि पाहुणे मूर्तीभोवती गोळा झाले. गोष्ट कोण सांगणार म्हणून स्टेशाने इकडेतिकडे पाहिलं. इटाने घसा साफ केला आणि झिजलेल्या दगडी पावलावर हात ठेवला.

"हा आमचा सरदार," ती म्हणाली. मग नव्या मातीकडे वळून, तिथवर ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाली, "आमचा, बाबा. याला बोट लागली होती."