मधुमेह रुजू होतो

कुणीतरी मधुमेहाला आमच्या गावात पंधरा वर्षं आधीच पाठवून दिलं, आणि ते कबूल करायला आता कुणीच तयार नाही.

तो सकाळच्या एसटीने आला. हातात बॅग, खिशात बदलीचा आदेश. आदेशावरच्या तारखेवर नेमका शिक्का बसला होता, त्यामुळे वर्ष वाचता येत नव्हतं. ग्रामपंचायतीत सरपंच जालिंदर ठोंबरे यांना नमस्कार करून तो म्हणाला, "रुजू व्हायला आलोय. ऋतुजा खरमाटे यांच्याकडे."

ऋतुजा सतरा वर्षांची, गावच्या खो-खो संघाची कर्णधार. बोलावल्यावर ती पळतच आली. मधुमेहाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग आदेशाकडे.

"जिल्ह्याच्या पंधरा वर्षांनंतरच्या अंदाजात तर लिहिलंय, गावात मैदान नाही."

"आहे की! शाळेमागं," ऋतुजा म्हणाली. "पुढच्या महिन्यात तिथंच जिल्हा संघाची निवड आहे. मला खेळायचंय. तुम्ही जावा परत."

"परत जाता येत नाही, ताई. आणि मैदान असेपर्यंत रुजूही होता येत नाही. सेवेत खंड पडेल माझ्या."

सरपंच काळजीत पडले. पुढे गावात मधुमेह असणार, हाच अंदाज धरून जिल्ह्याने गावाला डायलिसिस केंद्र मंजूर केलं होतं. अंदाज चुकला तर केंद्र शेजारच्या गावाला जाणार.

"मग मैदानाचंच बघू," ते म्हणाले. "केंद्राला जागा हवीच होती."

"आबा, मग आम्ही पळायचं कुठं?"

"अगं पोरी, केंद्र तुझ्यासाठीच आहे. त्याच्यापासून पळतेस कशाला?"

आम्ही काही तरुणांनी निवेदन दिलं. 'आरोग्यास विरोध' असा शेरा मारून ते परत आलं. खो-खोचे दोन्ही खांब उपटले आणि त्याच खड्ड्यांत केंद्राचा फलक रोवला. तोवर मधुमेह रोज वेळेवर येऊन पंचायतीच्या बाकावर बसायचा. स्वभावाने शांत. त्याचा कुणाला त्रास नव्हता.

निवड शेवटी शेजारच्या गावात झाली. सराव तुटलेली ऋतुजा पहिल्याच डावात बाद झाली. त्यानंतर ती दुपारभर फलकाखाली बसून राहू लागली. मधुमेहाने दोन दिवस लांबून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी रुजू झाल्याची सही केली.

सरपंचांनी त्याला हार घातला, नारळ दिला. पंचायतीचे शिपाई निवृत्तीनाना पेढ्यांचा बॉक्स घेऊन फिरत फिरत फलकापर्यंत आले.

"दोन उचल गं," ते ऋतुजाला म्हणाले. "साहेब तुझ्याच नावावर आलेत."