सर्व्हरवरची पाठवणी

गित्ते सरांचं नाव निघालं की मी इतकी वर्षं विषय बदलत आलो. आता सत्तरी ओलांडली. बदलायला विषयही उरले नाहीत.

पोरांनी केलेला प्रोग्रॅम सर्व्हरवर चढवायचा दिवस आला, की गित्ते सर घरून दही आणायचे आणि प्रत्येकाच्या तळहातावर चमचाभर ठेवायचे. पोरं म्हणायची 'डिप्लॉय', सर म्हणायचे 'पाठवणी'. दही खायचं, हात धुवायचे, मगच की-बोर्डला हात लावायचा. ते कॉलेजात संगणक शिकवायचे, मी प्राचार्य होतो. पाहुण्यांशी ओळख करून देताना मी म्हणायचो, "हे आमचे दहीवाले सर." पाहुणे हसायचे. सरही हसायचे.

"सर, माझ्या मशीनवर तर झकास चालतंय," असं कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "घरात समदीच चालत्यात बे. रस्त्यावर सोडून बघ."

रस्ता म्हणजे काशीबाई, शेजारच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकीण. सर मोबाईल त्यांच्या हातात द्यायचे आणि त्या पिठाच्या अंगठ्यानं दिसेल ते बटण दाबायच्या. "हे लाल कावून झालं?" असं त्यांनी विचारलं की प्रोग्रॅम नापास. पहिल्या नंबरची पोरं त्यांच्या नावानं रडलेली मी पाहिली आहेत.

एका वर्षी पोरांनी त्या वसतिगृहासाठीच ॲप केलं. तिथल्या लेकरांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. लेकरू जेवलं का, शाळेत गेलं का, बरं आहे का, एवढं त्यांना मोबाईलवर कळावं. सरांनी एकेकाला फोन करून नंबर खात्रीचे करून घेतले. चाचणीसाठी पोरांनी प्रत्येक नावापुढं एक खोटा निरोप घालून ठेवला होता : 'मूल आजारी आहे. लगेच या.' निरोप बाहेर जायची वाट तेवढी बंद होती.

तेवढ्यात एक पुढारी कॉलेजात येणार असल्याचं कळलं. मी ॲपचं उद्घाटन ठरवून टाकलं. साहेबांची गाडी फाटकात शिरत होती, तेव्हा सर माझ्यापुढं आले.

"सर, आत अजून खोटे निरोप हायत. काशीबाईनं पण बघितलं न्हाई. दोन दिवस द्या."

"उद्घाटन काशीबाईंच्या सोयीनं करू का? साहेबांच्या मोबाईलवर निरोप वाजला पाहिजे. वाट उघडा."

त्यांनी उघडली. साहेबांनी बटण दाबलं, खिशातला मोबाईल वाजला, टाळ्या पडल्या. बाकीचे निरोपही गेले.

सर लगेच फोन लावत बसले. उसाच्या फडात रेंज येत-जात होती; निरोप पोचले, फोन मात्र लागेनात. ज्यांचे लागले, त्यांतले बरेच वाटेला लागले होते आणि लेकरू डोळ्यांनी बघितल्याशिवाय माघारी फिरायला तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसतिगृहासमोर माणसं टेम्पोतून उतरली. हातांवर पाचटाचे ओरखडे, काहींच्या पायात चप्पल नाही. लेकरं अंगणात कबड्डी खेळत होती. एका बाईनं पोराला छातीशी धरलं, मग फाडकन थोबाडीत दिली. "मुडद्या, बरा हायस तर!" आणि तिथंच बसून रडायला लागली.

"कुणी केलं बे हे?" एक बाप ओरडला.

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "संगणक विभाग गित्ते सरांकडे आहे."

सरांनी हात जोडले. "चुकलं माजं." मग काशीबाईंबरोबर एकेकाला चहा देत फिरले. महिनाभरात त्यांचा राजीनामा घेतला गेला. घेणारा मीच.

गेल्या वर्षी सरांना भेटायला सिरसाळ्याला गेलो. तिथं त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. केस पांढरे झालेत. एकटेच राहतात. एकुलती खुर्ची आणि चहाचा कप मला देऊन ते खोक्यावर बसले. काय बोलायचं ते मी एसटीत घोकून ठेवलं होतं. तोंड उघडणार तोच सर म्हणाले, "मी त्याच वसतिगृहात वाढलो, सर. माजी माय पण फडावर असायची. मला ताप आला तर तिला आठ-आठ दिवस कळायचं न्हाई. म्हणून लई घाई झाली मला त्या ॲपची."

घाई त्यांना झाली नव्हती.

"तुमाला चार लोकांत खाली बघावं लागलं माज्यामुळं. बोलायचं राहून गेलतं. माफ करा, सर."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"असू द्या," मी म्हणालो.